उरेल ते तिचं

मागच्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले एक सभासद बागेत भेटले. मोठ्या उत्साहाने म्हणाले, "भालेराव, तुमचा लेख फ्रिजवर चिकटवलाय. आता आमच्याकडेही तुमच्यासारखंच. माझं पथ्याचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं. बायको करते बिचारी दोन-दोन स्वयंपाक."

मी घरी आलो आणि कुसुमला, म्हणजे माझ्या पत्नीला, हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आता त्या बाईंना कोण वाचवणार? तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच खोडा."

म्हणून हे लिहितो आहे. संघाच्या स्मरणिकेत आलेला माझा तो लेख आणि त्यावर मी ठिकठिकाणी केलेली भाषणं, यात खोटं काहीच नव्हतं. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर खाणं बदलून माणूस ठणठणीत होऊ शकतो, हे मी लिहिलं होतं आणि आजही माझं तेच मत आहे. पण त्या लेखात एकाच माणसाचं जेवण होतं. घरात दोन माणसं होती. दुसऱ्या माणसाचं काय झालं, ते आता सांगतो.

माझा आजार

यावर पूर्वी गरजेपेक्षा जास्त बोललो आहे, म्हणून थोडक्यात. एका सकाळी दाढी करताना छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं. कुसुमने दारातून माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खाली गेली. पायात चप्पल नव्हती. कोपऱ्यावरून रिक्षा घेऊनच वर आली. डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून निभावलं. दोन ठिकाणी स्टेंट बसवले आणि मी घरी यायला निघालो.

निघायच्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. शिल्पाच्या, आमच्या मुलीच्या, वयाच्या असतील. काय खायचं, काय टाळायचं, हे त्यांनी नीट समजावलं. मग कुसुमकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुम्हीही हेच जेवा. दोन वेगवेगळे स्वयंपाक करू नका. आणि तुमच्याही तपासण्या एकदा करून घ्या."

कुसुमने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तिचं सोडा हो. तिला दगडसुद्धा पचतो. तुम्ही माझं सांगा."

सगळे हसले. कुसुमही हसली. तिथेच तो विषय संपला, आणि तो मी संपवला.

दोन स्वयंपाक

मी सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. एकदा नियम समजला की तो पाळायला मला कधी जड गेलं नाही. झटका येण्यापूर्वी मला झणझणीत मिसळ लागायची, रविवारी मटण लागायचं, वरण-भातावर तुपाची धार लागायची आणि पापड नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही. हे सगळं मी एका दिवसात सोडलं. लोक याला मनोनिग्रह म्हणत. मीही म्हणायचो.

तो निग्रह कसा चालायचा, ते लिहायचं राहून गेलं. माझ्या तेलाचा डबा वेगळा. माझी भाजी छोट्या कढईत, कमी तेला-मिठाची. माझ्यासाठी मोड आलेले मूग, बिनमिठाचं ताक, काकडी, गाजर. ठरलेल्या वेळी मी टेबलाशी बसायचो आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात यायची. गार भाकरी मला आवडत नाही. पहिली संपेपर्यंत दुसरी आलेली असायची. आता ज्या घरात भाकरी तव्यावरून ताटात जाते, त्या घरात ती करणारीला बसायला कसं मिळेल, हा प्रश्न मला सत्तरी ओलांडेपर्यंत पडला नाही. माझं जेवण झालं की मी हात धुऊन पडायचो. कुसुम नंतर आत कधीतरी जेवायची. काय जेवायची, मला माहीत नव्हतं.

आमची भांडीही जुनी. आई-वडील, माझा धाकटा भाऊ, शिल्पा आणि आम्ही दोघं, असे सहा जण एकेकाळी याच घरात जेवायचो. हळूहळू माणसं कमी झाली. शिल्पा नोकरीसाठी हिंजवडीकडे राहायला गेली. पातेली मात्र तीच राहिली आणि कुसुमचा अंदाजही त्या पातेल्यांचाच राहिला. कमी करायचं ठरवलं तरी हात थोडा सैल सुटायचाच. माझ्या ताटात मोजून वाढलेलं असायचं. पातेल्यात उरायचं.

या काळात माझं वजन उतरलं, कोलेस्टेरॉल आटोक्यात आलं. संघाचे चिटणीस शेखभाई टपालखात्यातून निवृत्त झालेले, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांनी माझं भाषण ठेवलं. ते गाजलं. मग शेजारच्या संघाने बोलावलं. भाषणात मी एक वाक्य हमखास टाळ्यांसाठी ठेवलेलं असायचं: "घरात बेसनाचे लाडू आहेत, चकल्या आहेत, पण मी हात लावत नाही!" खरंच लावत नव्हतो. घरी आलेला फराळ नंतर कुठे जातो, असं सभेत कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं.

शिल्पाने मात्र एकदा विचारलं. "बाबा, आई जिना चढताना मध्ये थांबते. तिचं चेकअप केलंय का कधी?"

"तिला काय झालंय? दिवसभर कामात असते. मला चालायला जावं लागतं, तिला तेवढीही गरज नाही."

"बाबा, काम करणं म्हणजे एक्सरसाइज नसतो."

"तुझ्या आजीने कुठला एक्सरसाइज केला होता?"

शिल्पाने विषय सोडून दिला. वादात जिंकल्याचं समाधान मला त्या दिवशी मिळालं.

त्यानंतर कुसुमचा जबडा दुखायला लागला. तिला वाटलं दाढ असेल. आम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाहिलं, फोटो काढला आणि म्हणाले, दातात काही दोष नाही, हवं तर दुसरीकडे दाखवा. बाहेर पडताना मी म्हणालो, "चला, पैसे वाचले." दुसरीकडे दाखवायचं राहिलं.

पित्त

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी कुसुम पीठ मळत होती. परातीचा आवाज थांबला म्हणून मी आत डोकावलो, तर ती ओट्याला टेकून खाली बसली होती. पिठाचे हात तसेच मांडीवर.

"पाठ भरून आलीये," ती म्हणाली. "आणि मळमळतंय. पित्त झालं असेल. काल चिवडा खाल्ला."

ज्या विषयावर मी भाषणं देत होतो, तो विषय माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. माझ्या छातीत दुखलं होतं. तिची पाठ दुखत होती. एवढ्या फरकाने मी फसलो. मी तिला ओवा चावायला दिला, पंखा लावला आणि पड म्हणालो. ती पडली. मी पेपर वाचायला घेतला. हे लिहायला नको वाटतं, पण मी पेपर वाचायला घेतला.

शिल्पाचा रोजचा फोन आला. ती कंपनीच्या बसमध्ये होती, मागे हॉर्न वाजत होते.

"आई कुठेय?"

"पडलीये जरा. पित्त झालंय."

"आई सकाळी पडते? बाबा, तिला घाम आलाय का, बघा."

मी जाऊन पाहिलं. उशी ओली होती. "आलाय. पण पित्तच आहे गं. मी ओवा दिलाय."

मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला झालं होतं तेव्हा आईने ओवा दिला होता का?"

मी जिन्यावरूनच शेखभाईंना हाक मारली. त्यांनी गाडी काढली. कुसुम गाडीत बसेपर्यंत म्हणत होती, "अहो, पीठ उघडं राहिलंय."

सकाळी काय खाल्लंत?

झटकाच होता. रक्तवाहिन्यांत तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि रक्तातली साखर इतकी वाढलेली होती की ती काही आजकालची नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. स्टेंटने भागणार नाही, बायपास करावी लागेल. कधीपासून त्रास होता, असं त्यांनी मला विचारलं. तेव्हा मला जिना आठवला, जबडा आठवला. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर खाण्यापिण्याची माहिती घ्यायला आले. "घरी जेवण कसं असतं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे सगळं पथ्याचंच. मी स्वतः हार्ट पेशंट आहे. तेल कमी, मीठ कमी—"

"काका, मी काकूंना विचारतोय. काकू, झटका आला त्या दिवशी सकाळी काय खाल्लंत?"

कुसुम माझ्याकडे बघेना. "रात्रीची खिचडी परतून."

"त्याच्या आदल्या दिवशी दुपारी?"

"भात उरला होता, तो फोडणी घालून. आणि चिवडा. शंकरपाळे मऊ पडायला लागले होते, तेही."

"तेल कुठलं वापरता?"

ती जरा घुटमळली. "यांचं वेगळं असतं. ताजं. माझ्या भाजीला मी तळणीचं उरलेलं घालते. दिवाळीत एवढं तळण होतं. तेल फेकून कसं द्यायचं?"

डॉक्टर लिहीत राहिले. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून ऐकत होतो. माझ्या ताटाने जे जे नाकारलं होतं, ते एकेक करून त्या खोलीत ऐकू येत होतं. लाडू. पापडाचा चुरा. लोणच्याचा खार भाकरीला लावून, कारण माझ्यासाठी केलेली अळणी भाजी तिच्या घशाखाली उतरत नव्हती आणि रोज एकटीसाठी वेगळी भाजी कोण करणार? पातेल्याला लागलेली साय. माझ्या भाषणातला फराळ कुठे जात होता, ते मला कळलं.

डॉक्टर गेल्यावर मी म्हणालो, "मला एकदा सांगायचं तरी."

"काय सांगायचं? शिळं खाल्लं म्हणून?"

"मी टाकून दे म्हणालो असतो."

"हो, टाकायचं म्हणे." मग अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही उठलात की तुमच्या ताटात काय राहिलं ते मी रोज बघायचे. मीठ जास्त झालं का, आवडलं का. तुम्ही एकदा तरी पातेल्यावरचं झाकण उघडून बघितलंत, आत काय राहिलंय?"

मी बघितलं नव्हतं. एकदाही.

उशी

बायपासचे दिवस ज्यांच्या पुढे आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, ऑपरेशन चालू असताना बाहेर बसणाऱ्याने जेवून घ्यावं. मी जेवलो नाही आणि मलाच चक्कर आली. शिल्पा म्हणाली, "बाबा, प्लीज, एका वेळी एकच पेशंट." दुसरी, अतिदक्षता विभागात पहिल्यांदा आपलं माणूस दिसतं तेव्हा घाबरू नका. नळ्या फार असतात, पण रोज एकेक कमी होत जाते. आम्हाला ठरलेल्या वेळी एकेकट्याला आत सोडत. ती वेळ सोडून बाकीचा दिवस म्हणजे त्या वेळेची वाट पाहणं. मी तिच्या पायाला हात लावून उभा राहायचो, कारण वरचं सगळं नळ्यांनी व्यापलेलं होतं. पाय गरम असायचे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

वॉर्डात आणल्यावर तिला एक छोटी घट्ट उशी दिली. खोकला आला की ती छातीशी कवटाळून खोकायचं, म्हणजे टाके दुखत नाहीत. आणि श्वासाचा व्यायाम करायला प्लॅस्टिकचं एक यंत्र असतं. त्यात तीन चेंडू असतात. नळीतून श्वास आत ओढला की ते वर चढतात. पहिल्या दिवशी एकच चेंडू हलला. केरळहून आलेली नर्स शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाली, "आजी, बाकीच्या दोघांनी काय पाप केलंय?"

कुसुमला बोलायला धाप लागत होती, तरी म्हणाली, "ते आमच्या घरातल्यासारखे आहेत. एकच हलतो, बाकीचे बसून."

नर्स हसून गेली. मी हसलो नाही. कुसुमने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, विनोद होता."

तिचा विनोद परत आला, तेव्हाच ती बरी होणार हे मला कळलं. आपलं माणूस आपल्याला टोमणे मारायला लागलं की देवाचे आभार मानावेत.

लहान पातेलं

घरी आल्यावर तिला काही उचलायची बंदी होती. शिल्पा म्हणाली, स्वयंपाकाला बाई लावू. मी म्हणालो, वरकामाला लाव, स्वयंपाक मी करतो. यावर माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पहिलं काम म्हणून मी शेखभाईंबरोबर रविवार पेठेत भांडी घ्यायला गेलो. दोन माणसांचा भात होईल एवढं पातेलं, दोघांची आमटी होईल एवढं दुसरं आणि एक लहान कढई. दुकानदाराने मला आपादमस्तक पाहिलं. "नातीच्या भातुकलीला पाहिजे का?"

"नाही, आमच्या जेवणाला."

"मग पाहुणे आल्यावर काय करणार?"

शेखभाई म्हणाले, "पाहुण्यांना तुमच्या दुकानाचा पत्ता देऊ. तुम्ही वजन करा."

घरी येऊन जुनी पातेली माळ्यावर टाकली. कुसुम बघत होती. "माझ्या सासूबाईंची आहेत ती," म्हणाली. मी म्हणालो, "माहितीये. म्हणून माळ्यावर, भंगारात नाही."

मला काही येत नव्हतं. ती खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारात बसायची, उशी पोटाशी धरून, आणि सूचना द्यायची. "मोहरी तडतडू द्या आधी. अहो, तडतडू द्या! तिला काय घाई आहे, तुम्हाला आहे." मी माझी पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा तिला इतकं हसू आलं, की उशी घट्ट धरावी लागली.

नियम तेवढे मी ठरवले. एकच स्वयंपाक, दोघांना तोच. तेलाचा डबा एकच. भाकऱ्या सगळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, मग दोघांनी एकदम बसायचं. फडक्यातली भाकरी मऊ राहते आणि छान लागते. इतकी वर्षं मी ती नाकारली कशाला, कोण जाणे. आणि आधी कुसुमने वाढून घ्यायचं, मग मी.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. लहान पातेलं असूनही भात उरला. दोघांचंही जेवण झालं होतं. सवयीने तिने हात पुढे करून पातेलं आपल्याकडे ओढलं. मी ते धरलं.

"सोडा. दोन घास आहेत."

"नको. डॉक्टरांनी भात मोजून सांगितलाय तुला."

"मग टाकू? आयुष्यात मी शीत टाकलेलं नाही."

"म्हणून तर छाती उघडावी लागली!"

हे मी बोलायला नको होतं. तिने पातेलं सोडलं. डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "माझ्यामुळे उघडावी लागली, असं म्हणा की. सगळेच म्हणतात, शिळं खायची म्हणून झालं. मी शिळं का खायचे, ते कुणी म्हणत नाही."

मी पातेलं खाली ठेवलं. मग म्हणालो, "माझ्यामुळे खायचीस. गरम भाकरी मला, ताजं तेल मला, आणि 'तिला दगडसुद्धा पचतो' हे मीच म्हणालो होतो. त्या बाईंनी तुला तपासणी करायला सांगितली होती. ती मी होऊ दिली नाही."

"आठवतं का तुम्हाला ते?"

"रोज आठवतं."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मूठभर तांदूळ कमी घ्या. कमी पडलं तर पेरू खाऊ."

कमी पडलं. पेरू खाल्ला. तेव्हापासून आमच्या घरात असंच चालतं. थोडं कमीच करायचं आणि भूक राहिली तर फळ. हा उपाय मला ना डॉक्टरांनी सांगितला होता, ना तो माझ्या भाषणात होता. लोक विचारतात, टाकायचं नाही आणि उरलेलं खायचंही नाही, हे जमतं कसं? ओट्याशीच जमवावं लागतं. पानात आल्यावर उशीर झालेला असतो.

बाकी खाणं काही अवघड नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, डाळी, कोशिंबीर, मोजका भात. लोणच्याची एक फोड रविवारी, तीही डॉक्टरांना विचारून. माझी अळणी भाजी कुसुमला खाववत नव्हती, म्हणून तिने लिंबू, आलं, जिरेपूड आणि भाजलेल्या तिळाचा कूट घालून तिला चव आणली. इतकी वर्षं मी ती भाजी औषधासारखी गिळत होतो. ती रुचकर होऊ शकते हे आम्हाला तेव्हा कळलं, जेव्हा ती करणारी स्वतः ती जेवायला लागली.

आधी कोण बसणार

बाहेर हे पाळणं घरापेक्षा कठीण. कुसुमच्या भावाकडे, सदाशिव पेठेत, सत्यनारायण होता. टेबल सहा जणांचं. पद्धतीप्रमाणे पुरुषांची पानं आधी मांडली. मेहुणा म्हणाला, "दाजी, बसा."

"कुसुम बसली की बसतो."

"ताई बसेल की बायकांबरोबर मागाहून."

"तिच्या गोळ्यांची वेळ आहे. आणि आम्ही बरोबर जेवतो."

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, "काय हो दाजी, नवीन लग्न झालंय का?"

सगळे हसले. मला दवाखान्यातलं हसणं आठवलं. तेव्हाही असेच सगळे हसले होते. कुसुमने मला डोळ्यांनी खुणावलं, बसा आता, शोभा नको. एरवी मी बसलो असतो. मी म्हणालो, "नवीनच म्हणा. पहिलं लग्न मी एकट्यानेच जेवून काढलं."

मग वहिनीच बाहेर आल्या, हात पदराला पुसत. आणि पानावर बसलेल्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही उठा. ताई बसतील." तो उठला. कुसुम बसली. पुऱ्या तिने घेतल्या नाहीत, मीही नाही. वाढायला आलेल्या मेहुण्याला तिने तेवढं ऐकवलं, "वसंता, कोशिंबीर आण. आणि चमच्याने वाढ, हाताने नको."

परतताना आम्ही रिक्षा केली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "वहिनी विचारत होती, लहान पातेली कुठून घेतलीत."

झाकण

कुसुमच्या तपासण्या आता ठीक आहेत. साखर ताब्यात आहे. ती रोज माझ्याबरोबर बागेत येते आणि माझ्यापेक्षा भरभर चालते. जिना न थांबता चढते. वर पोचून माझी वाट बघते, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं त्याला मी प्रेम समजतो, दुसरं काही समजायची माझी तयारी नाही.

हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. तळणीच्या तेलाचं काढा म्हणाली, लोक म्हणतील काय बाई आहे. मी म्हणालो, लोक आपापल्या घरातला डबा उघडून बघतील. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग राहू द्या. पण पेपर वाचत बसलात ते काढू नका."

काढलं नाही.

शेखभाईंना मी सांगितलं आहे, जुना लेख पुन्हा छापू नका, हा छापा. आणि ज्यांनी तो फ्रिजवर चिकटवला आहे त्यांना माझी विनंती आहे, तो काढा. पथ्य चालू ठेवा. औषधं, तपासण्या, चालणं, सगळं चालू ठेवा. फक्त आज जेवून उठलात की हात धुऊन थेट पडायला जाऊ नका. स्वयंपाकघरात जा. पातेल्यावरचं झाकण उचला. आत जे दिसेल ते कोण खाणार आहे, असं तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आमच्याकडे आत्ता काही उरलेलं नाही. पातेलं रिकामं आहे आणि कुसुमने ते माझ्यासाठी मोरीत ठेवलं आहे. घासायची पाळी माझी.